डेबियन पॅकेज: डेब फाइल पंधरा मिनिटांत तयार, मग उरलेले आठवडे कशात जातात?

खटपट्या (धागाकर्ता)
डेबियन या लिनक्स वितरणासाठी सी भाषेतलं एक छोटं साधन पॅकेज करतोय, लॉग फाइली वाचून जेसॉन या फॉरमॅटमध्ये सारांश काढणारं. बिल्ड (सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणं) मेसॉन या साधनावर. सोबत एक लहानशी शेअर्ड लायब्ररी, /ईटीसीमध्ये एक कॉन्फिग फाइल आणि एक सिस्टमडी सेवा (सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम). एवढाच पसारा. डेबहेल्पर (पॅकेज बांधायची साधनं) कॉम्पॅट १३ घेतलं, बिल्डच्या सूचनांची रूल्स फाइल इनमिन तीन ओळींची, डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवलं आणि डेब हातात. बसवलं, चालतंय.

डेबियनसाठी पाठवलं तर स्पॉन्सरचे (माझ्या वतीने अपलोड करणाऱ्या डेबियनवाल्याचे) शेरे आले: स्वच्छ च्रूटमध्ये (बाकी मशिनपासून वेगळ्या, कोऱ्या सिस्टममध्ये) बिल्ड होत नाही, लायब्ररीचं काय ते ठरवा, कॉपीराइट फाइल अपुरी आहे, कॉन्फिगला हात लावणारी पोस्टइन्स्ट (पॅकेज बसवल्यावर चालणारी स्क्रिप्ट) काढा. अपस्ट्रीमवाले (साधनाचे मूळ लेखक) स्वतःचं डेब देतातच (त्यातलीच पोस्टइन्स्ट मी उचलली आहे) आणि लोक ते बिनतक्रार वापरतात. जी फाइल बसते आणि चालते, तिला पॅकेज का म्हणायचं नाही?

टॅब_की_स्पेस
रूल्समध्ये 'डीएच'च्या आधी टॅबच आहे ना? चार स्पेस असतील तर 'मिसिंग सेपरेटर' म्हणून मेक हात वर करतं. असल्या निम्म्या धाग्यांचं उत्तर एवढंच असतं.

खटपट्या
टॅबच आहे हो. :)

कोरी_पाटी
रोजच्या वापरातल्या मशिनवर ढीगभर -डेव्ह पॅकेजं (लायब्ररी वापरून बिल्ड करायला लागणाऱ्या हेडर वगैरे फाइली) आधीच पडलेली असतात. बिल्डच्या मशिनवर फक्त बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरे) आणि तुम्ही कंट्रोल फाइलीत बिल्ड-डिपेंड्सखाली लिहिलंय तेवढंच येतं. नेटवर्क धरायचं नाही, होम डिरेक्टरीही धरायची नाही.

च्रूटमध्ये बिल्ड करायला एसबिल्ड, एमएमडेबस्ट्रॅप आणि यूआयडीमॅप बसवा. एसबिल्डचा च्रूट-मोड 'अनशेअर' ठेवा, म्हणजे रूट लागत नाही, आणि वितरण 'अनस्टेबल' द्या. बिल्ड पडलं की लॉगची शेवटची ओळ बघून डोकं धरू नका. मेसॉनच्या कॉन्फिगर टप्प्यावर जा आणि कुठल्या डिपेंडन्सीपुढे 'नो' आलंय ते बघा.

माझी पैज सीजेसॉन या जेसॉन लायब्ररीवर. तुमच्या मशिनवर लिबसीजेसॉन-डेव्ह आहे, म्हणून मेसॉनला ती सापडते. च्रूटमध्ये नाही, मग मेसॉन सबप्रोजेक्ट्समधली रॅप फाइल उघडून सोर्स नेटवरून उतरवायला निघतं. डेबहेल्पर मेसॉनला रॅप-मोड 'नोडाउनलोड' देऊनच हाक मारतं, त्यामुळे गाडी तिथेच थांबते. उपाय एका शब्दाचा: बिल्ड-डिपेंड्समध्ये लिबसीजेसॉन-डेव्ह.

पडणारं बिल्ड तरी परवडलं, दिसतं. खरी पंचाईत न पडणाऱ्याची. सिस्टमडीचा पर्याय मेसॉनमध्ये 'ऑटो' असेल तर लिबसिस्टमडी-डेव्ह नसताना तो गुपचूप बंद होतो. बिल्ड हिरवं, लिंटियन (पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन) गप्प. सेवेच्या युनिट फाइलीत मात्र 'टाइप=नोटिफाय' (तयार झाल्यावर कळवेन) लिहिलेलं आहे. सेवा सुरू होते, 'तयार आहे' हा निरोप कधीच पाठवत नाही, आणि सिस्टमडी डीफॉल्ट ९० सेकंद वाट बघून तिला मारून टाकतं. म्हणून रूल्समधल्या ओव्हरराइड_डीएच_ऑटो_कॉन्फिगरमध्ये तो पर्याय स्पष्टपणे 'एनेबल्ड' करा. डिपेंडन्सी नसेल तर बिल्ड तिथल्या तिथे पडू दे.

खटपट्या
पैज जिंकलात, सीजेसॉनच होती. आणि सिस्टमडीचा पर्याय खरंच 'ऑटो' आहे, ते लक्षातच आलं नव्हतं.

डबाबंद
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फ्लॅटपॅकचा डबा करा, लायब्ऱ्यांसकट सगळं आत कोंबा आणि मोकळे व्हा. सीजेसॉनची कुठली आवृत्ती कुठल्या वितरणात आहे याची उठाठेव २०२५ नंतरही करायची म्हणजे कमाल आहे.

सोनेम
@डबाबंद, सीजेसॉनमध्ये उद्या बफर ओव्हरफ्लो सापडला तर डेबियनमध्ये एक अपलोड होतो आणि ती लायब्ररी वापरणारे सगळे प्रोग्रॅम बरे होतात. सगळं आत कोंबलेले चाळीस डबे असतील तर चाळीस ठिकाणी चाळीस माणसांनी दखल घ्यायची. त्यातल्या किती जणांना आपल्या डब्यात ती लायब्ररी आहे हे तरी ठाऊक असतं?

डबाबंद
बरोबर, पण हे गो आणि रस्टच्या प्रोग्रॅमना सांगून बघा. ते तर डेबियनमध्येही स्टॅटिकच लिंक होतात, लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच.

सोनेम
तिथे मुद्दा लंगडा पडतो, मान्य. गोच्या लायब्ऱ्या -डेव्ह पॅकेजात सोर्स म्हणून असतात आणि दुरुस्तीनंतर त्यांच्यावर बांधलेली सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड करावी लागतात. तरी कुठली पॅकेजं पुन्हा बांधायची ते नोंदींवरून काढता येतं, हा फरक उरतोच.

आता धागाकर्त्याची लायब्ररी. एकच गोष्ट तपासा: हेडर फाइली इन्स्टॉल होतात का, आणि हे साधन सोडून आणखी कुणी ती लिंक करतं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर वेगळं पॅकेज काढूच नका. मेसॉनला डीफॉल्ट_लायब्ररी 'स्टॅटिक' द्या. एक खाच आहे. बायनरी पॅकेज एकच असताना मेसॉनने इन्स्टॉल केलेलं सगळं थेट त्यातच जातं, त्यामुळे .ए फाइलही (स्टॅटिक लायब्ररी) नकळत आत शिरते. एक्झिक्युट_आफ्टर_डीएच_ऑटो_इन्स्टॉलमध्ये ती उडवा.

उत्तर 'हो' असेल तर संसार वाढला. लायब्ररीच्या सोनेममधला (आवृत्तीसह नावातला) आकडा ० असेल तर लिब-अमुक० पॅकेज, सोबत -डेव्ह, आणि सिंबॉल्स फाइल (लायब्ररीतलं कुठलं फंक्शन कुठल्या आवृत्तीपासून आहे त्याची यादी). ती डीपीकेजी-जेनसिंबॉल्सने काढता येते, पण निघालेली तशीच ठेवू नका: प्रत्येक ओळीत '२.३-१' येतं, त्यातलं '-१' काढा. नाहीतर २.३-१~बीपीओ१२+१ अशा बॅकपोर्टमध्ये (जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या पॅकेजात) सगळे सिंबॉल असूनही ती आवृत्ती कमी पडते. पुढच्या आवृत्तीत एखादा सिंबॉल गायब झाला तर डीएच_मेकशलिब्स बिल्ड पाडतं. त्यावर सिंबॉल्स फाइलीतून ती ओळ खोडणं हा उपाय नव्हे. एबीआय (आधी बांधलेल्या प्रोग्रॅमशी सुसंगती) मोडलं आहे, सोनेम बदलायला हवं, म्हणजे पॅकेजचं नाव बदलणार, म्हणजे पुन्हा न्यू रांग (नव्या पॅकेजांची तपासणी), आणि वापरणाऱ्या सगळ्यांचं पुन्हा बिल्ड. एका वाक्यात: खाजगी लायब्ररी खाजगीच राहू द्या.

परवानापंडित
कॉपीराइट फाइलकडे लोक शेवटी बघतात, आणि न्यू रांगेत एफटीपीमास्टर (डेबियनचं भांडार सांभाळणारे) सगळ्यात बारकाईने तीच बघतात. मुख्य परवाना लिहिला की काम झालं असं नसतं. सोर्समधली प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या 'फाइल्स' परिच्छेदाखाली यायला हवी. सुरुवात लायसेन्सचेकने करा आणि मग एम४ (बिल्डचे मॅक्रो), टेस्टमधला डेटा, आयकॉन, डॉक्स या डिरेक्टऱ्या स्वतः उघडून बघा.

हमखास सापडणारे पाहुणे म्हणजे डॉक्समध्ये मिनिफाय केलेलं (आकसवलेलं) जावास्क्रिप्ट, ज्याचा मूळ सोर्स सोबत नसतो. टेस्टसाठी आणून ठेवलेला आरएफसीचा (इंटरनेटच्या मानकांचा) मजकूर, ज्याचा परवाना डेबियनच्या निकषात बसत नाही. आणि 'अव्यावसायिक वापरासाठी' म्हणून घेतलेला आयकॉन. हे सोर्समध्ये असतील तर बायनरीत गेले नाहीत तरी चालत नाही, कारण डेबियन सोर्सही वाटतं. कॉपीराइट फाइलीत 'फाइल्स-एक्सक्लुडेड' लिहा, यूस्कॅन (अपस्ट्रीमचा सोर्स उतरवणारं साधन) टारबॉल (सोर्सचं गाठोडं) नव्याने बांधतं. परवान्यापायी काढलं असेल तर आवृत्तीला +डीएफएसजी (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांचं लघुरूप), नुसती अडगळ काढली असेल तर +डीएस.

अवांतर: सीजेसॉनचा परवाना एमआयटी आहे, तिथे काळजी नाही. पण जेसॉनच्या नावाने एक वेगळाच परवाना आहे, त्यात 'हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही' असं कलम आहे. डेबियनच्या लेखी तो मुक्त नाही, कारण वापराच्या हेतूवर अट घालता येत नाही.

डबाबंद
म्हणजे वाईट कामं करायचं स्वातंत्र्य अबाधित. खिक्.

उंबरठा
पोस्टइन्स्टचं कुणी बोललं नाही. @खटपट्या, ती नेमकं काय करते?

खटपट्या
/ईटीसीतल्या कॉन्फिगमध्ये 'होस्ट=' पुढे सेडने (मजकूर बदलणारी आज्ञा) मशिनचं नाव भरते. एकच ओळ आहे.

उंबरठा
तीच एक ओळ महागात पडते. डेबहेल्पर /ईटीसीतल्या प्रत्येक फाइलीची कॉन्फफाइल म्हणून नोंद करतं. अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) फाइलीचे तीन एमडी५ ठसे ताडून बघतं: मागच्या पॅकेजातून आली होती तिचा, आत्ता डिस्कवर आहे तिचा आणि नव्या पॅकेजात आहे तिचा. डिस्कवरची जशीच्या तशी असेल तर नवी बिनबोभाट बसते. पॅकेजातली नवी-जुनी सारखी असेल तर डिस्कवरचीला धक्का लागत नाही. दोन्हीकडे बदल असेल तरच 'तुमची ठेवू की मेंटेनरची घेऊ' हा प्रश्न येतो.

तुमची सेड बसवल्याबसवल्याच डिस्कवरची फाइल बदलून ठेवते. म्हणजे पुढच्या आवृत्तीत अपस्ट्रीमने टिपणीतलं एक अक्षर सुधारलं तरी, जिने ती फाइल आयुष्यात उघडली नाही अशा बाईलासुद्धा तो प्रश्न पडणार. अनअटेंडेड-अपग्रेड्सवर (आपोआप अपग्रेड) चालणाऱ्या सर्व्हरवर तर प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी नसतं. ते अशी पॅकेजं मागे ठेवतं, आणि त्याच अपलोडमधली सुरक्षेची दुरुस्तीही मागे राहते. मेंटेनर स्क्रिप्टने कॉन्फफाइल बदलू नये हा डेबियन पॉलिसीतला नियम याच अनुभवातून आलेला आहे.

इथे पोस्टइन्स्टची गरजच नाही. 'होस्ट=' रिकामं असेल तर प्रोग्रॅमनेच चालू होताना गेटहोस्टनेमला (मशिनचं नाव सांगणाऱ्या फंक्शनला) विचारावं. पाच-सहा ओळींचा पॅच आहे, अपस्ट्रीम आनंदाने घेईल.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. 'बसतं आणि चालतं' ही पहिल्या दिवसाची परीक्षा. तुम्हाला न विचारता, तुमच्या गैरहजेरीत, अनोळखी मशिनवर एका आवृत्तीवरून दुसरीवर नीट जाणं यावर पॅकेज जोखलं जातं. अपस्ट्रीमचं डेब बिनतक्रार चालतं, कारण त्याची कॉन्फिग अजून बदललेली नसणार.

वाचनमात्र
प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). +१

नवखी_नोंद
यावरून एक विचारते. एका पॅकेजातली भाषांतरं वेगळी काढून -कॉमन पॅकेजात टाकली. नव्या मशिनवर ठीक, पण अपग्रेडमध्ये 'ट्रायिंग टू ओव्हरराइट' म्हणून डीपीकेजी थांबतं. -कॉमनवर डिपेंड्स तर लिहिलंय.

उंबरठा
डिपेंड्सचा इथे उपयोग नाही. नवं -कॉमन उलगडताना जुनं पॅकेज अजून डिस्कवरच आहे आणि त्या फाइली त्याच्या नावावर आहेत. ज्या आवृत्तीत फाइली हलवल्या ती १.४-२ असेल तर -कॉमनमध्ये 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' दोन्ही, जुन्या पॅकेजचं नाव आणि 'हिच्याआधीची आवृत्ती' ही अट (<< १.४-२~). नुसतं रिप्लेसेस लिहिलं तर जुनं पॅकेज तसंच राहू शकतं, आणि मग -कॉमन काढलं की त्याच्या फाइली गेल्या.

शेवटची टिल्ड विसरू नका. डीपीकेजीच्या तुलनेत टिल्ड रिकाम्यापेक्षाही आधी लागते. १.४-२~बीपीओ१२+१ हा बॅकपोर्ट १.४-२ पेक्षा लहान ठरतो, पण फाइली तर त्यातही हललेल्या आहेत. टिल्डशिवाय लिहिलं तर नव्या मांडणीचा बॅकपोर्टही 'जुना' म्हणून मोडीत निघतो.

नवखी_नोंद
चाललं! धन्यवाद. टिल्ड ही निव्वळ नक्षी वाटत होती.

सोनेम
टिल्डचा दुसरा उपयोग प्री-रिलीजला: २.०~आरसी१ हे २.० च्या आधी लागतं. २.०आरसी१ असं अपलोड करून बसलात तर नंतरचं २.० त्याच्यापेक्षा लहान ठरतं आणि लोक इपॉकला (आवृत्तीच्या आधी लागणाऱ्या, बाकी सगळ्यावर मात करणाऱ्या आकड्याला) हात घालतात. इपॉक एकदा लागला की कायमचा, त्यापेक्षा '+रियली' परवडलं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात मागचं दार (बॅकडोर) सापडलं तेव्हा डेबियनने जुन्या सोर्सवर परतताना ५.६.१+रियली५.४.५-१ ही आवृत्ती काढली होती. दिसायला ओबडधोबड, पण पुढची आवृत्ती आली की शेपूट आपोआप गळतं.

तळघर
एक्सझेडचा विषय निघालाच आहे तर: @खटपट्या, सोर्स कुठून घेता, रिलीज टारबॉल की गिट टॅग? तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये बिल्ड-टू-होस्ट.एम४ ही बदललेली फाइल होती, गिटमध्ये नव्हती. घातक भाग टेस्टच्या बायनरी फाइली म्हणून गिटमध्येच होता, पण त्याला जागं करणारी किल्ली फक्त टारबॉलमध्ये.

कोरी_पाटी
पण बिल्डमध्ये ऑटोरीकॉन्फ चालतं, कॉन्फिगर नव्याने बनतं. तरी का निसटलं?

तळघर
कॉन्फिगर नव्याने बनतं ते टारबॉलमधल्याच एम४वरून. धान्यच किडलेलं असेल तर जातं धुऊन काय होणार? मागच्या दाराचा रोख होता एसएसएचडीवर (दुरून लॉगिन करू देणारी सेवा), पण ती स्वतः एक्सझेडची लिबएलझेडएमए लायब्ररी वापरत नाही. वितरणांनी सिस्टमडीला 'तयार आहे' सांगण्यासाठी लावलेल्या पॅचमुळे लिबसिस्टमडी आली आणि तिच्या मागोमाग लिबएलझेडएमए. आज तोच निरोप लिबसिस्टमडीशिवाय, सॉकेटवर थेट लिहून पाठवतात. @खटपट्या, तुमच्या साधनालाही हे चालेल. निरोप म्हणजे फक्त एक ओळ असते.

गिट टॅग घ्यायचा तर वॉच फाइलीत (यूस्कॅनसाठीच्या सूचना) 'मोड=गिट' आणि 'पीजीपीमोड=गिटटॅग' ठेवा. टॅगवर सही असेल तर ती यूस्कॅन तपासतं. टारबॉलच घ्यायचा असेल तर निदान एकदा तो आणि टॅग यांचा डिफ काढा. मेसॉनच्या प्रकल्पात तो जवळजवळ रिकामा निघायला हवा.

गोधडी
सोर्स फॉरमॅट '३.० क्विल्ट' आहे ना? क्विल्ट म्हणजे गोधडी आणि पॅच म्हणजे ठिगळ, इतकं सरळ नाव दुसऱ्या कुठल्या फाइल फॉरमॅटला नसेल. उंबरठा यांनी सुचवलेलं ठिगळ लावताना डेप-३ चं (पॅचच्या माहितीचा ठरलेला नमुना) डोकं लिहा: वर्णन, कुणी लिहिलं, आणि 'फॉरवर्डेड' पुढे अपस्ट्रीमच्या बगचा दुवा. ते रिकामं सोडलं की दोन वर्षांनी नवी आवृत्ती आली, पॅच बसेना, आणि तो कशासाठी होता हे कुणालाच सांगता येईना.

खटपट्या
आतापर्यंत: सीजेसॉन बिल्ड-डिपेंड्समध्ये, लायब्ररी स्टॅटिक (हेडर इन्स्टॉल होत नव्हते, दुसरं कुणी वापरत नाही), .ए फाइल उडवली, पोस्टइन्स्ट रद्द, होस्टचा पॅच अपस्ट्रीमकडे पाठवला. डॉक्समध्ये मिनिफाय केलेली एक जावास्क्रिप्ट सापडलीच, तिच्यासाठी +डीएफएसजी केलं. टारबॉल आणि टॅगच्या डिफमध्ये काही नाही. च्रूटमध्ये बिल्ड होतं.

एक शंका: अपस्ट्रीमच्या डेबची आवृत्ती नुसती २.३ आहे. ते बसवलेल्यांना माझं पॅकेज मिळेल ना? आणि लिंटियन दोन गोष्टी म्हणतंय, 'नो-मॅन्युअल-पेज' आणि 'इनिशियल-अपलोड-क्लोजेस-नो-बग्ज'.

सोनेम
मिळेल. २.३ च्या पुढे २.३+डीएफएसजी-१ हे मोठंच ठरतं. खात्री हवी तर डीपीकेजीला कंपेअर-व्हर्जन्स देऊन विचारा, अंदाजावर सोडू नका.

परवानापंडित
मॅन पेज हाताने लिहा, दोन पानांचं काम आहे. हेल्प२मॅन बिल्डमध्ये लावलंत तर ते बांधलेला प्रोग्रॅम चालवून बघतं आणि क्रॉस-बिल्डमध्ये तो चालतच नाही.

दुसऱ्याचा अर्थ: आयटीपी ('हे पॅकेज मी करतोय' अशी नोंद) तुम्ही टाकलेली नाही. डब्ल्यूएनपीपीवर (अशा नोंदींची यादी) आधी शोधा, याच साधनाची आरएफपी ('हे पॅकेज कुणीतरी करा' ही विनंती) कुणी टाकलेली असेल तर तिचंच शीर्षक बदलून आयटीपी करा, स्वतःला मालक लावा. नसेल तर रिपोर्टबगने नवी टाका आणि चेंजलॉगमध्ये 'क्लोजेस' पुढे तो बग क्रमांक.

कोरी_पाटी
न्यू रांगेतला पहिला अपलोड बायनरीसकट करावा लागतो, आणि तुमच्या मशिनवर बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये (पुढच्या डेबियनची तयारी होते तिथे) जात नाही. म्हणून स्वीकारलं गेलं की लगेच '-२' नुसत्या सोर्सचा अपलोड. अर्जन्सी 'मीडियम' असेल तर तिथून पाच दिवस मोजायचे. तोवर एक ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेलं पॅकेज तपासणारी टेस्ट) लिहून टाका. नुसती आवृत्ती छापून बघणारी टेस्ट 'सुपरफिशियल'मध्ये जमा होते. खरी लॉग फाइल द्या आणि निघालेला जेसॉन ताडा.

खटपट्या
आरएफपी होती, मालक कुणी नव्हता. शीर्षक बदललं. पण आता चेंजलॉग हाताने सुधारला तर डीपीकेजी-पार्सचेंजलॉग शेवटच्या ओळीवर कुरकुर करतंय.

टॅब_की_स्पेस
आलात का माझ्या दारी! सहीच्या ओळीत सुरुवातीला एक स्पेस, मग दोन डॅश, एक स्पेस, नाव, ईमेल, आणि ईमेल व तारखेच्या मध्ये दोन स्पेस. तुमच्याकडे एकच असणार. पुढच्या वेळी डीसीएच (चेंजलॉग लिहायची आज्ञा) वापरा, हाताने लिहू नका.

खटपट्या
एकच होती.